किरणोपचार संपले; बरे होणे अजून बाकी

तारापूरच्या किनाऱ्यावरील देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. तेव्हापासून पालघर-बोईसरच्या माणसाला ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द परका राहिलेला नाही. भीतीपोटी असो वा नोकरीच्या आशेने असो, तो येथील बोलण्यात रुळला. परंतु किरणांचे दुसरे रूप, म्हणजे कर्करोगावरील किरणोपचार, या पट्ट्यातील स्त्रीला बहुधा मुंबई गाठल्यावरच लाभते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. वीज केंद्र आणि रुग्णालय या दोहोंचे पालकत्व अशा रीतीने एकाच सरकारी विभागाकडे आहे. मधले सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर मात्र रुग्णाने स्वतःच कापावयाचे असते.

भारतीय स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आज सर्वाधिक आढळतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होतात. त्यांपैकी पुष्कळ जणींना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यावे लागतात. रुग्णांच्या बोलीत त्याला ‘लाईट घेणे’ म्हणतात. यंत्राखालचा वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा असतो. परंतु आठवड्यातून पाच दिवस, सलग काही आठवडे तेथे हजर राहावे लागते. बोईसरहून जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर धरले, तर पंचवीस दिवसांच्या जुन्या क्रमात ही स्त्री पाच हजार किलोमीटर प्रवास करते. शरीर थकविणारा उपचार आणि शरीर थकविणारा प्रवास यांची बेरीज कोणत्याही केसपेपरवर लिहिली जात नाही.

२०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, त्याने पुष्कळ सोय झाली. उपनगरी गाडीत अपंग व कर्करोगग्रस्तांसाठी राखीव डबा असतो. पण त्या डब्यापर्यंत पोहोचणे आणि तेथे बसायला मिळणे या दोन गोष्टी सकाळच्या गर्दीत वेगळ्याच ठरतात. ज्या बाजूवर शस्त्रक्रिया झाली, तोच हात यंत्राखाली डोक्यावर धरून निजावे लागते. परतीच्या गाडीत उभे राहायची वेळ आली, तर कडी धरायला दुसरा हात आणि पिशवी सांभाळायला पुन्हा तोच आखडलेला हात!

येथे उपचारांचा क्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे. बहुतेक रुग्णांत आधी शस्त्रक्रिया, मग आवश्यक असल्यास रसायनोपचार आणि शेवटी किरणोपचार असा तो असतो. म्हणजे किरणोपचारांची पाळी येईतो चार-सहा महिने गेलेले असतात. रजा संपत आलेली असते, गाठीची रक्कम खर्ची पडलेली असते, आणि प्रारंभी धावून आलेले शेजारी-नातेवाईक आपापल्या संसारात परतलेले असतात. शेवटच्या दिवशी घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. आता सर्व पूर्ववत होईल, अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत स्त्री मोजते.

कारण किरणांचा त्वचेवरील परिणाम शेवटच्या दिवशी थांबत नाही. उपचार संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत तो बहुधा सर्वाधिक जाणवतो. त्वचा लाल वा काळपट होते, काखेत आणि स्तनाखालच्या घडीत ती सोलवटते, आणि ती भरून यायला पुढे काही आठवडे जातात. घट्ट चोळी सोसवत नाही, सैल सुती कपडे लागतात. त्या भागाला कडक ऊन पुढेही दीर्घकाळ टाळावे लागते. खांदा आखडू नये म्हणून भिंतीवर बोटे चढविण्यासारखे साधे व्यायाम रोज करावे लागतात. हाताला सूज येऊ लागली, अथवा उपचारानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत कोरडा खोकला वा धाप सुरू झाली, तर हवा बदलली म्हणून ते अंगावर न काढता डॉक्टरांस दाखविले पाहिजे. या सर्वांहून अधिक गैरसमज थकव्याविषयी आहे. हा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. तो काही आठवडे, कधी कित्येक महिने रेंगाळतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने तो वाढतो आणि रोजच्या थोड्या चालण्याने उतरतो, असा वैद्यकीय अनुभव आहे. घरात मात्र ‘आता बरी झालीस ना, मग बसून का?’ या प्रश्नाचे उत्तर तिला रोज द्यावे लागते. जखम दिसते, थकवा दिसत नाही.

तारापूरच्या परिसरात आणखी एका शंकेचे निरसन करणे इष्ट ठरेल. बाहेरून यंत्राद्वारे दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. अशी स्त्री किरणोत्सर्गी होत नाही. तिचे ताट वेगळे ठेवण्याचे किंवा नातवंडाला तिच्या मांडीवरून उचलून नेण्याचे काहीही कारण नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, आजारपणाचा खर्च औषधाच्या बिलापुरता कधीच नसतो. बुडालेल्या मिळकतीचाही त्यात समावेश होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णांच्या किरणोपचारांचा खर्च उचलला जातो. रेल्वेही उपचारासाठी व नंतरच्या तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगग्रस्तास व सोबत्यास भाड्यात मोठी सवलत देते. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण मजुरीचे काय? अनुदानित शाळेतील कायम शिक्षिकेला अर्धवेतनी अथवा परिवर्तित रजेचा आधार असतो; तासिका तत्त्वावर शिकविणारीला न घेतलेल्या तासाचे काही मिळत नाही. सातपाटीची मासे विकणारी बाई तर कोणत्याच हजेरीपटावर नाही. डोक्यावर पाटी चढवायची तर दोन्ही हात वर न्यावे लागतात. बोंबील वाळत घालायचे तर उन्हात उभे राहावे लागते. किरणोपचारांनंतर जपायचा असतो तो नेमका खांदा, आणि टाळायचे असते ते नेमके ऊन. शेतमजूर स्त्रीला आवणीचे दिवस चुकले, की त्या हंगामाची कमाईच गेली.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील विमाधारक कामगार स्त्रीची स्थिती कागदावर तरी पुष्कळ बरी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारासाठी वाढीव आजारपण लाभ आहे. त्यात वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. परंतु त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी लागते. ज्या कंत्राटी कामगाराच्या नोकरीत खंड पडत राहतात, तिला हे कलम वाचायला उत्तम आणि वापरायला अवघड असते. योजनेत अशी तरतूद आहे, हेच मुळी कितीजणींना ठाऊक असते, हाही प्रश्न आहेच.

वैद्यकशास्त्राने आपल्या बाजूने अंतर कमी केले आहे. ब्रिटनमधील चाचण्यांनी प्रथम पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचा क्रम तितकाच परिणामकारक ठरविला. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी निवडक रुग्णांसाठी एका आठवड्यातील पाच मात्राही पुरेशा असल्याचे दाखविले. प्रत्येकीला हा आखूड क्रम लागू होत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच. पण बोईसरच्या हिशेबात पाच हजार किलोमीटरचे तीन हजार, आणि क्वचित एक हजार होणे याचा अर्थ यंत्राचा वेळ वाचण्याहून फार मोठा आहे. ज्यांना रोजचा प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांसारखी ठिकाणे आहेत. तेथे राहायचे तर सोबतीला घरचे माणूस लागते. म्हणजे आणखी एकाची मजुरी बुडते.

उरतात ते शेवटच्या मात्रेनंतरचे दोन-तीन महिने. या काळात बसून करायचे काम, कमी तासांची पाळी, भट्टीपासून दूरची जागा, उशिरा येण्याची मुभा एवढे देणे कारखान्याला वा शाळेला फारसे महाग पडू नये. रुग्णालयातून निघताना जो कागद हाती मिळतो, त्यावर पुढील तपासणीची तारीख असते. ‘इतके आठवडे जड काम नको, उन्हातले काम नको’ अशी एक ओळ त्याच कागदावर डॉक्टरांच्या सहीने आली, तर मालकापुढे आणि सासूपुढेही तिला दाखवायला काहीतरी असेल.