गाण्यामागचे गज

खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा. गायक-गायिका, ढोलक, काँगो आणि कोपऱ्यात कीबोर्डवाला. जुन्या गाण्यातला व्हायोलिनचा भरगच्च तुकडा जवळ आला की हा पठ्ठ्या एक बटण दाबायचा, बोटं ताणून तीन पट्ट्या धरायचा. झाला व्हायोलिनचा ताफा हजर!

२०२२ साली ‘ब्रिजर्टन’ मालिकेत हळदीच्या प्रसंगाला क्रिस बोवर्स यांनी ‘कभी खुशी कभी गम’चं शीर्षकगीत तंतुवाद्यांवर बसवलं, तेव्हा घरोघरी कोण कौतुक झालं. तिकडे लॉस एंजेलिसचा व्हिटॅमिन स्ट्रिंग क्वार्टेट १९९९ पासून पॉप गाण्यांचं हेच करतो आहे. पण आपण कशाला हरखायचं? आपल्या गाण्यांत हा ताफा केव्हाचाच बसलेला होता, फक्त पडद्यावर त्याचं नाव नसायचं.

तो आला प्रामुख्याने गोव्याहून. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकत. पुढे पोटासाठी मुंबई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव थेट गाण्यात घालून मोकळे झाले. देशाने ते नाव अमिताभचं म्हणून पाठ केलं, हा भाग वेगळा.

गोन्साल्विसांचा खरा ध्यास निराळा होता. आपलं गाणं एकाच सुरावटीवर चालतं. त्याखाली हार्मनीचे थर द्यायचे, पण रागाला धक्का लागू द्यायचा नाही. १९५८ साली झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून हे करून दाखवलं, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला. संगीतकार शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा हेच काम रोजच्या रोज करत होते. गायकाच्या ओळीखालून व्हायोलिनची दुसरी ओळ अशी काढायची की शब्दाला पाय लागू नये. हे दिसतं तितकं सोपं नाही.

रेकॉर्डिंगला समोर कागद. सगळ्यांचे गज एकदम वर, एकदम खाली; एकाचा उलटा गेला तरी सुराचं वजन बदलतं. गायकही त्याच खोलीत, सगळं एका दमात. मागच्या रांगेत कुणी चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

कागदावर न मावणारी गोष्ट म्हणजे मींड. दोन सुरांमधली ती घसरण टिंबांत कशी लिहायची? तिथे प्रभाकर जोगांसारखा माणूस लागतो. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, गीतरामायणाला साथ केलेले जोग व्हायोलिनवर शब्द ऐकू यावेत असं वाजवत. ‘गाणारं व्हायोलिन’ हे नाव उगाच नव्हतं. खरं सांगायचं तर ताफ्याच्या भव्यतेपेक्षा मला ते एकटं व्हायोलिन जास्त आवडतं.

पुढे सिंथेसायझर आला आणि रांगाच्या रांगा घरी बसल्या.

आमच्या त्या ऑर्केस्ट्रात एकदा भर गाण्यात मांडवाचा फ्यूज उडाला. वीज केंद्राची चिमणी समोर, आणि मांडवात मिट्ट काळोख! कीबोर्ड मुका झाला. ढोलकवाला थांबला नाही, गायकही उघड्या आवाजात गात राहिला. कडवं संपलं, व्हायोलिनची जागा आली, आणि खुर्च्यांवरल्या बायापोरांनी तो अख्खा तुकडा तोंडाने वाजवला, एक सूर न सोडता.