आकाशातल्या हाकेसाठी घरोघरचे संगणक



दर अंकात मी लागण, खोडवा नाहीतर हुमणीबद्दल लिहितो. यावेळचा विषय जरा लांबचा. परवा एका सभासदाचा कॉलेजात शिकणारा नातू गट ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, आमचा संगणक रात्रभर नुसताच चालू असतो. त्याला काही काम लावता येत नाही का?" मला डेव्हिड अँडरसन आठवले.

अँडरसन हे अमेरिकेत बर्कली विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ. पोर्तो रिको बेटावर अरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. तिने टिपलेल्या लहरींत परग्रहावरच्या कुणा शहाण्या जीवाची हाक आहे का, हे तपासायचे होते. हिशोब अफाट, आणि तेवढ्या मोठ्या संगणकाला पैसा कुठला? डेव्हिड गेडी यांनी तोड सुचवली की, लोकांच्या घरचे रिकामे संगणकच या कामाला जुंपावेत. १७ मे १९९९ रोजी 'सेटी ॲट होम' सुरू झाले.

दुर्बिणीजवळ माहिती टेपांवर भरायची आणि त्या टेपा चक्क टपालाने बर्कलीला जायच्या! तिथे सुमारे १०७ सेकंदांचे तुकडे पाडून ते इंटरनेटवरून घरोघर पाठवत. मालक चहाला उठला की संगणक हिशोबाला लागे, मालक परतला की थांबे. पन्नास लाखांवर लोक सामील झाले. दहा-वीस गुंठेवाल्यांच्या उसावर कारखान्याचे गाळप उभे राहते, त्यातलाच हा प्रकार.

लबाडीही झाली. जास्त काम करणाऱ्याला गुण मिळत, म्हणून काहींनी खोटी उत्तरे धाडली. मग एकच तुकडा एकाहून जास्त संगणकांना देऊन उत्तरे ताडून घेऊ लागले. काट्याचा विषय निघाला की आपल्या सभेत आवाज चढतो, तेव्हा हे कुणाला समजावून सांगायला नको.

अँडरसन तेवढ्यावर थांबले नाहीत. २००२ पासून त्यांनी 'बॉइंक' ही व्यवस्था उभी केली. तिच्यावर हवामानाचे, प्रथिनांचे हिशोब होऊ लागले. २०१० मध्ये तर 'आइन्स्टाइन ॲट होम'च्या घरगुती संगणकांनी एक नवा पल्सार शोधला. पल्सार म्हणजे गरगर फिरत ठरावीक ठेक्याने लहरी फेकणारा मेलेला तारा.

पण परग्रहावरची खात्रीची हाक काही सापडली नाही. ३१ मार्च २०२० ला घरोघर तुकडे पाठवणे थांबले. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणही कोसळली.

मग एवढे संगणक फुकट राबले का? माझे मत तसे नाही. दोन वर्षांपूर्वी आपण चार प्लॉटवर एक महागडे द्रवखत वापरून पाहिले. शेजारच्या सरीत आणि त्यात फरक दिसेना. अहवालात मी 'फरक नाही' असे लिहिले, तर दोघे-तिघे चिडले, "मग साहेब, वर्षभर केलंत काय?" अहो, बाकीच्यांचा त्या बाटल्यांचा खर्च वाचला की!

त्या पोराला मी बॉइंकचे सांगितले. म्हटले, विजेचे बिल आजोबा भरतात, आधी त्यांना विचार. आजोबा संध्याकाळी स्वतःच ऑफिसात आले. "यात आपला हिस्सा किती?"

"काही नाही," मी म्हणालो.

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लावू द्या त्याला. पण टीव्हीच्या वेळेला नको."