चालकविरहित मालवाहतूक : प्रोग्रेस यान ते जव्हारचे ड्रोन

प्रस्तावना

दुर्गम स्थळी माल पोहोचवावयाचा तर सोबत माणूस पाठविलाच पाहिजे काय, हा प्रश्न अवकाश स्थानकांच्या उभारणीबरोबर पुढे आला. सोव्हिएत संघाने त्याचे उत्तर ‘प्रोग्रेस’ या मानवरहित यानाने दिले. 20 जानेवारी 1978 रोजी प्रक्षेपित झालेले पहिले प्रोग्रेस दोन दिवसांनी ‘सॅल्युत-6’ स्थानकास स्वयंचलित रीतीने जोडले गेले. यानात माणूस नसला की त्याचे आसन, प्राणवायू आणि सुखरूप परतण्यासाठी लागणारे उष्णतारोधक कवच यांची गरज उरत नाही आणि वाचलेल्या वजनाइतका माल अधिक नेता येतो. माल उतरविल्यावर स्थानकातील कचरा भरून हे यान वातावरणात नष्ट केले जाते.

जव्हार येथील प्रयोग

याच तत्त्वाचा भूतलावरील प्रत्यय पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात डिसेंबर 2021 मध्ये आला. कोविड-19 लसीच्या 300 मात्रा जव्हारहून झाप या गावी ड्रोनद्वारे पाठविण्यात आल्या. रस्त्याने सुमारे 40 मिनिटे घेणारा हा प्रवास नऊ मिनिटांहून किंचित अधिक वेळात पूर्ण झाला. सह्याद्रीच्या डोंगररांगांतील वळणे आणि चढउतार ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना या फरकाचे कारण सांगावयास नको.

300 ही संख्या मोठी वाटते, परंतु भार अल्प असतो. कोविशिल्डच्या एका कुपीत 5 मिलिलिटर द्रव, म्हणजे 10 मात्रा असतात. त्या हिशेबाने 300 मात्रांसाठी 30 कुप्या, म्हणजे अवघे 150 मिलिलिटर द्रव पुरते. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राखणारी शीतपेटी व तीतील बर्फ यांचेच वजन अधिक भरते. ड्रोनला स्वतःची बॅटरीही वाहून न्यावी लागते. पल्ला वाढविण्यासाठी बॅटरी मोठी केली की मालाचा वाटा घटतो. अग्निबाणाच्या इंधनाबाबतही हीच अडचण आहे.

प्रोग्रेस परतत नाही, ड्रोनला मात्र परतावेच लागते. ‘ड्रॅगन’ हे मालवाहू यान ज्याप्रमाणे स्थानकातील प्रयोगांचे नमुने पृथ्वीवर आणते, त्याप्रमाणे परतीच्या उड्डाणात खेड्यातील रक्ताचे वा थुंकीचे नमुने जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाकडे आणणे तत्त्वतः शक्य आहे. सर्पदंशावरील प्रतिविषासारखी हलकी व तातडीची औषधे या वाहतुकीस विशेष अनुकूल होत.

मर्यादा

तथापि लस झापला पोहोचली म्हणजे झाप जव्हारला जोडले गेले, असे मानणे घाईचे ठरेल. डोलीतून आणावी लागणारी गरोदर स्त्री या साधनाच्या कक्षेत येत नाही. मोखाडा तालुक्यात पावसाळा मुसळधार असूनही उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. एका कुटुंबाचे शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो भार! काही किलो वाहून नेणाऱ्या ड्रोनला त्यासाठी कित्येक फेऱ्या लागतील. शिवाय पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन पाड्यांची वाट तुटते, त्याच दिवसांत वारा, मुसळधार पाऊस आणि दाट धुके लहान ड्रोनला जमिनीवर थांबवून ठेवतात.