मोरचूद नको, तुरटी घ्या! मुलांना घरीच दाखवा स्फटिक कसा वाढतो

विहिरीचं काम निघालं की काळ्या दगडाच्या पोकळीत कधी कधी चकाकणाऱ्या खड्यांचा गुच्छ सापडतो. आपण त्याला गारगोटी म्हणतो. 'हा कुणी घासून केला?' असं पोरं विचारतात. कुणीच नाही, तो आपोआप वाढला. कसा, ते घरच्या तुरटीवर दाखवता येतं.

आधी एक सावधगिरी. मोबाईलवर निळ्याशार स्फटिकाचे व्हिडिओ फिरतात. तो निळा पदार्थ बहुतेक वेळा मोरचूद असतो. बोर्डो मिश्रणासाठी तो आपल्याकडे घरात पडलेला असतोच. मोरचूद विषारी आहे. पोटात गेला तर उलट्या होतात, यकृत-मूत्रपिंडाला इजा होते. तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा कुलपात ठेवा.

प्रयोग असा करा :

१) एक पेला पाणी चांगलं गरम करा. हे काम मोठ्यांनीच करावं.

२) त्यात तुरटीची पूड चमच्या-चमच्याने ढवळत टाका. तळाला थोडी शिल्लक राहू लागली की थांबा. स्वच्छ फडक्याने गाळून घ्या.

३) हे पाणी दोन काचेच्या पेल्यांत निम्मं-निम्मं ओता. एक पेला कोमट झाला की गार पाण्यात ठेवा, म्हणजे काच तडकणार नाही. दुसरा गरम असतानाच गोधडीत गुंडाळून ठेवा. रात्रभर हलवू नका.

सकाळी दोन्ही पेले मुलांपुढे ठेवा. गार पाण्यातल्या पेल्यात बारीक चुरा दिसेल, गोधडीतल्या पेल्यात मोठे, कडा असलेले खडे.

कारण सोपं आहे. गरम पाण्यात तुरटी जास्त विरघळते. पाणी थंड झालं की जादा तुरटी बाहेर पडते. घाईने थंड केलं तर तिचे कण मिळेल तिथे गोळा होतात. सावकाश थंड झालं तर एकावर एक, विटा रचाव्यात तसे शिस्तीत बसतात.

मोठा खडा हवा असेल तर त्यातला चांगला खडा दोऱ्याला बांधा. दोन्ही पेल्यांतलं पाणी गाळून एकत्र करा आणि खडा त्यात टांगून वर कागद झाका. आठ-दहा दिवसांत वाढ दिसेल. दोऱ्याची खडीसाखरही अशीच धरते.

मिठाचं मात्र वेगळं. गरम पाण्यातही ते फारसं जास्त विरघळत नाही. म्हणून मिठाचं पाणी ताटलीत घालून उन्हात आटवा. चौकोनी दाणे मिळतील. पाणी जास्त झालेल्या रानावर पांढरा क्षार फुटतो, तोही पाणी आटूनच.

विहिरीतल्या गारगोटीचंही तेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांत खनिजांचं पाणी झिरपलं आणि खडे सावकाश वाढत गेले. सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे. सहल निघाली तर पोरांना जरूर दाखवा.

प्रयोगाचं पाणी पिऊ देऊ नका, हात धुवायला लावा. आणि उत्तर आधी सांगू नका. सकाळी पेला उघडेपर्यंत त्यांनाच अंदाज बांधू द्या.