मोहफुलाचा स्वयंपाकघरात प्रवेश

शेतकऱ्याच्या घरात नवे बियाणे जितक्या लौकर शिरते तितक्या लौकर नवा पदार्थ शिरत नाही. बियाण्याची पारख बांधावर, चारचौघांत होते. पीक बरे आले की शेजारी आपण होऊन पायलीभर मागून नेतो. ताटातील पदार्थाची पारख मात्र घरातील सर्वांत लहान मूल व सर्वांत वृद्ध माणूस अशी दोघे मिळून करतात, आणि त्यांपैकी एकाने जरी नाक मुरडले तरी गृहिणी तो पदार्थ पुन्हा चुलीवर चढवीत नाही. असे असूनही काही पदार्थ या परीक्षेस उतरतात, आणि पुढे घरच्यांस इतके प्रिय होतात की ते कधी काळी परके होते हेच कोणास आठवत नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडीच घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, त्यात पडणारा बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मुळची अमेरिका खंडातील पिके होत. युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली आणि पाहता पाहता उपवासाच्या ताटापर्यंत पोहोचली. जी गृहिणी उपवासास घरचा गहू वर्ज्य मानते, तीच समुद्रापलीकडची ही सामग्री निःशंकपणे वाढते!

प्रस्तुत लेखाचा विषय याच्या उलट आहे. येथे पदार्थ परदेशातून आलेला नाही. तो दाराबाहेर शेकडो वर्षे उभा आहे आणि घरात मात्र त्यास मज्जाव आहे. आम्ही मोहाविषयी बोलत आहो.

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेलगत, पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांच्या संगमावर वसलेले गाव. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडचा मुलूख लागतो. आसपासच्या पाड्यांत माडिया लोकांची वस्ती असून धान, कोसरी व जंगलचा मेवा यांवर त्यांची गुजराण चालत आलेली आहे. जवळच हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या वाढत गेल्या. आणि त्यांबरोबर नागपूर, चंद्रपूर, वर्धा या बाजूंची मराठी कुटुंबेही येथे येऊन राहू लागली. एकाच गावात दोन तऱ्हेची स्वयंपाकघरे शेजारी शेजारी नांदू लागली, ती अशी. पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला की वाट तुटण्याचा प्रसंग येथे वारंवार येत असे, आणि बाहेरून येणारा भाजीपाला बंद पडला की ज्याच्या घरी उन्हाळ्यातील साठवण आहे त्याचीच चूल सुखाने चाले.

माडिया घरी या साठवणीत मोहफूल असतेच. फुले सुकवून ठेवावी, शिजवून खावी, बियांचे म्हणजे टोळीचे तेल काढून स्वयंपाकात वापरावे, हा तेथील नित्याचा क्रम. बाहेरून आलेल्या घरी मात्र मोह म्हटले की दारू, एवढाच अर्थ. या समजुतीस सरकारनेही पूर्वी हातभार लावला आहे. मुंबई सरकारने १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांपुरता खास कायदा करून मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध घातले होते. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. ती सर्वथा योग्यच झाली असे आमचे मत आहे. पण दारूच्या रागापायी फुलासच पापी ठरविणे न्यायाचे नव्हे. फुलात दारू नसते. ती आंबविण्यात आणि भट्टीत असते. द्राक्षापासून मद्य होते म्हणून कोणी मनुका टाकून देत नाही.

दुसरे एक कारण याहून खोल आहे, व ते बोलून दाखविण्यास माणसे संकोचतात. विदर्भातील पुष्कळ खेड्यांत म्हाताऱ्या माणसांस मोहाची भाकर ठाऊक आहे, कारण ती त्यांनी किंवा त्यांच्या आईबापांनी टंचाईच्या सालात खाल्लेली आहे. दुष्काळात ज्या अन्नाने जगविले, ते सुकाळात ताटात घेण्याची लाज वाटते. तेव्हा सून मोहाचे लाडू करू लागली की सासूबाई प्रथम विरोध करतात, तो चवीमुळे नव्हे, आठवणीमुळे. हा विरोध वाद घालून मोडत नाही, असा आमचा अनुभव आहे. पदार्थ करून समोर ठेवावा आणि गप्प बसावे.

आता फुलाविषयी. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, रात्री उमलतात व पहाटेपासून झाडाखाली गळून पडतात. गळतो तो पाकळ्यांचा मांसल, फिकट पिवळा, गोड भाग. सुकल्यावर तो तांबूस तपकिरी होतो, व त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग निव्वळ साखरेचा असतो. प्रथिने थोडी आणि स्निग्धांश त्याहून थोडा. म्हणून तीळ, जवस वा शेंगदाणा यांची जोड दिल्यावाचून मोहाचा पदार्थ पुरे अन्न होत नाही. मधुमेही माणसाने हा पदार्थ साखरेसारखाच जपून खावा.

नव्या घरी पहिला प्रयत्न फसतो तो बहुधा दोन गोष्टींनी. पहिली फुलातील केसर. ते तसेच राहिले तर पदार्थ तुरट-कडसर लागतो. सुकलेली फुले सुपात घेऊन दोन्ही हातांनी चोळावी म्हणजे केसर सुटते. मग पाखडून काढावे. दुसरी गोष्ट वाळू व राख. पहिल्याच घासास दाताखाली खडा आला की त्या घरातून मोह कायमचा हद्दपार होतो. आणि ही राख येते कोठून, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करण्याची चाल सर्वत्र आहे. फुले वेचण्यास ते सोयीचे पडते. पण चैत्रातील वाऱ्याने ती आग झाडाखाली राहत नाही. जंगलभर पसरते, मोहाची आपली स्वतःचीच रोपे जळतात, आणि जुनी झाडे उभी असता त्यांच्या जागी येणारी पिढी दिसेनाशी होते. ओलसर चिकट फुलावर पडल्या ठिकाणी राख बसते ती धुऊनही पुरती जात नाही.

भट्टीवाल्यास खडा-राखेचे काही वाटत नाही. फूल सडके असो, मळके असो, त्याचे काम भागते. खाणाऱ्यास मात्र स्वच्छ फूल लागते. म्हणून घरच्या खाण्यापुरती फुले वेचावयाची असतील तर एक-दोन झाडांखालचा पाला खराट्याने झाडून दूर करावा, आणि रात्री जुनी लुगडी किंवा बारीक जाळी अंथरावी. सकाळी चारही कोपरे धरून उचलले की फूल मातीस न शिवता टोपलीत येते. वेचणीस वाकावे लागत नाही हा स्त्रियांस आणखी एक लाभ. फुले उंच माचीवर किंवा स्वच्छ चटईवर पातळ पसरून कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवावी, रात्री दवापासून जपावी, आणि मुठीत दाबली असता चिकटून गोळा होत नाही असे झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.

लाडवांची कृती आम्ही सविस्तर देतो, कारण घरोघरी मन जिंकले ते यांनीच. दोन वाट्या निवडलेली सुकी फुले एकदा पाण्यातून झटपट काढून पुन्हा उन्हात कोरडी करावी. लोखंडी कढईत मंद आंचेवर सारखी हलवीत भाजावी. प्रथम ती मऊ पडतात, मग त्यांचा उग्र वास जाऊन मनुका भाजल्यासारखा वास सुटतो. तेथेच थांबावे, पुढे गेल्यास कडू होतात. एक वाटी तीळ, अर्धी वाटी जवस व अर्धी वाटी शेंगदाणे निरनिराळे भाजून घ्यावे. जवस तडतडू लागला की उतरवावा. सर्व उखळात एकत्र कुटावे. तिळाचे तेल सुटून गोळा आपोआप वळू लागतो. गूळ लागत नाही, तूप लागत नाही. किंचित सुंठ घातल्यास पचनास बरे. छत्तीसगडाकडे याच जातीचा कुटलेला पदार्थ लाटा या नावाने रूढ आहे, तेव्हा आम्ही काही नवा शोध लावला असे नव्हे. कोरड्या डब्यात लाडू पंधरवडाभर सहज टिकतात. आमच्या घरी तर ते चार दिवसही टिकत नाहीत. शाळेतून आलेली मुले डब्याशीच जातात, आणि ज्या वृद्ध मंडळींनी ‘हे दुष्काळाचे खाणे’ म्हणून ताट सरकविले होते त्यांच्या उशापाशीच आता लाडवांचा लहान डबा असतो.

दुसरा प्रकार पाकाचा. एक वाटी फुले तीन वाट्या पाण्यात तासभर भिजवावी. रात्रभर मुळीच नव्हे, कारण उन्हाळ्याच्या दिवसांत ती आंबू लागतात व मग जे होते ते आपल्यास नको आहे. त्याच पाण्यात शिजवून, घोटून, फडक्यातून गाळून, काकवीसारखे दाट होईपर्यंत आटवावे. या पाकात कणीक भिजवून दशम्या केल्या तर प्रवासास उत्तम. प्रथम निम्मा गूळ व निम्मा पाक घ्यावा; घरच्यांस वास अंगवळणी पडला की गूळ कमी करीत जावे. पुरणपोळीत मात्र हा पाक घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पुरणाचा स्वच्छ रंग व वास त्याखाली झाकला जातो, आणि सणाच्या दिवशी प्रयोग केल्याबद्दल बोलणी खावी लागतात ती निराळीच.

खर्चाच्या बाजूने पाहता गोष्ट सरळ आहे. फुले गळण्याच्या हंगामात सर्वांजवळच माल असतो, तेव्हा भाव पडतो. वेचणारा तो गरजेपायी विकून टाकतो, आणि अनेकदा पावसाळ्यात तोच माल चढ्या दराने परत घेतो. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले असले तरी हातातला माल चैत्रातच सुटला तर त्या हक्काचा लाभ व्यापारी घेतो. घरात मोहाचे खाणारे तयार झाले तर दोन-तीन पायल्या फुले आपसूक मागे राहतात. गावात शिक्षक, कंपाउंडर, तलाठी यांच्या घरी लाडू आवडू लागले तर स्वच्छ फुलास गावातच गिऱ्हाईक मिळते, आणि जाळीवर वेचलेल्या फुलाचा भाव राखेतल्या फुलाहून वेगळा धरण्यास वेचणाऱ्या बाईस तोंड राहते.

याच वाटेने येणारे आणखी दोन पदार्थ थोडक्यात सांगतो. पहिल्या पावसानंतर बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांस आपल्याकडे वास्ते म्हणतात. त्यांची भाजी रुचकर होते, परंतु कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. म्हणून बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावे, ते पाणी फेकावे, आणि मगच फोडणी द्यावी. एकाच बेटातील सर्व कोंब काढू नयेत, नाहीतर पुढच्या साली बांबूही नाही व भाजीही नाही. दुसरी अंबाडी. तिची भाजी सर्वांस माहीत आहे. पण फुले गळाल्यावर राहणारी लाल बोंडे बहुतेक ठिकाणी बियांपुरती ठेवून बाकी वाया जातात. बोंडांतील बी काढून लाल पाकळ्या थोड्या पाण्यात शिजवाव्या व बरोबरीने साखर घालून घोटाव्या. त्या स्वभावतःच आंबट व चिकट असल्याने मुरंबा लौकर बसतो. भाकरीशी हा मुरंबा मुले लोणच्यापेक्षा आवडीने खातात. अंबाडीची ओळ धानाच्या बांधावर किंवा परसात पहिल्या पावसावर टाकावी. लाल बोंडाची जात निवडून बी राखावे, हिरव्या बोंडाच्या जातीस हा रंग येत नाही.