जाणीव हरपते तेव्हा

धार येथे एके काळी कुष्ठरुग्णांसाठी वेगळा आश्रम होता, हे आपल्या समाजातील वयोवृद्ध मंडळींनी घरातील जुन्या गोष्टींत ऐकले असेल. कॅनडाच्या मिशनतर्फे मार्गारेट ओ'हारा या डॉक्टरीणबाई १८९१ साली मध्य हिंदुस्थानात आल्या आणि पुढे धारला त्यांनी दवाखान्याबरोबर या रुग्णांचीही सेवा केली. आसरा, अन्न आणि जखमेवर स्वच्छ पट्टी, यापलीकडे रुग्णाला देण्यासारखे त्या काळच्या वैद्यकापाशी फारसे काही नव्हते. रुग्ण गावाबाहेर आणि त्याचे नाव घरातल्या बोलण्याबाहेर, अशीच रीत होती. 'महारोग', 'रक्तपिती' हे शब्द तर आपल्याकडे शिवीसारखे उच्चारले जात. या रोगात अंग सडते आणि बोटे आपोआप झडतात, ही समजूत आमच्याही मनात होती. ती चुकीची होती. आमच्या अज्ञानाचा पुरावा आम्ही स्वतःच्या हाताने, लाल शाईत, एका विद्यार्थ्याच्या वहीवर लिहून ठेवला होता.

या गोष्टीला आता तीस वर्षे होत आली. धार जिल्ह्यातील एका गावी नववीचा वर्ग आमच्याकडे होता. वर्गातील एका मुलाचे अक्षर मोठे वळणदार. दिवाळीनंतर ते बिघडू लागले. ओळी वर-खाली जाऊ लागल्या, वेलांट्या लटपटू लागल्या. आम्ही प्रथम सौम्य शब्दांत, मग कठोर शब्दांत शेरे लिहिले. मुलगा काही बोलत नसे. एके दिवशी आरोग्य खात्याचा एक कर्मचारी शाळेत तपासणीसाठी आला. मुलाच्या दंडावर एक फिकट चट्टा होता. त्याने कर्मचाऱ्याचे कुतूहल चाळवले. त्याने मुलाचे कोपर वाकवून मागच्या खोबणीत बोटांनी चाचपले आणि मुलाला डोळे मिटायला सांगितले. मग आमच्याच खिशातील बॉलपेन मागून घेतले. पेनाचे टोक तळहाताला जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचे बोट ठेवायचे, एवढीच परीक्षा. अंगठ्याकडच्या बाजूला मुलाने अचूक बोट ठेवले. करंगळीच्या बाजूला टोक चार वेळा टेकले, तरी तो डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट पाहत तसाच उभा राहिला. ज्या पेनाने आम्ही शेरे लिहीत होतो त्याच पेनाने आम्हांला उत्तर दिले होते.

कुष्ठरोग कातडीवर दिसतो, पण त्याचे खरे घर मज्जातंतूंत असते. नॉर्वेतील गेर्हार्ड हॅन्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू पाहिला. माणसाच्या रोगाचे कारण म्हणून ओळखल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक. तरीही प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत तो वाढविणे आजवर कोणालाही साधलेले नाही. तो विलक्षण सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक वर्षे जातात. क्षयाचा जंतू याचाच भाऊबंद. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास हवापालटासाठी देवासला आले, बरे झाले आणि देवासचेच होऊन राहिले, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. क्षयाचे भय कालांतराने बरेचसे ओसरले. त्याच्या या भावाचे मात्र तसे झाले नाही.

या जंतूला थोडी थंड जागा लागते. म्हणून खोल अवयवांना सोडून तो कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंकडे वळतो. कोपरामागे, मनगटापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि चेहऱ्यावर. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो कोपरामागचा तंतू आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथेच या मुलाचा रोग दबा धरून बसला होता.

मज्जातंतू म्हणजे एक तार नव्हे, हजारो सूक्ष्म धाग्यांची जुडी होय. या धाग्यांना गवसणी घालणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. (थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे हे नाव आहे, कुत्र्याशी त्याचा काही संबंध नाही. वर्गात हा खुलासा आम्हांला दरवेळी करावा लागतो.) जंतू नेमका या पेशींत शिरतो. नुकसानीचा मोठा वाटा मात्र जंतूचा नसून आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा असतो. शरीर जंतूवर तुटून पडते, तंतू सुजतो, आणि भोवतीचे आवरण घट्ट असल्यामुळे ती सूज आतल्या धाग्यांनाच दाबून टाकते. याला डॉक्टर 'रिॲक्शन' म्हणतात. औषध चालू असताना, किंवा औषध पुरे झाल्यानंतरही, ती येऊ शकते. हात अचानक दुखू लागतो, लुळा पडतो, आणि रुग्णाला वाटते की हे गोळ्यांमुळेच झाले. मग तो गोळ्या सोडून देतो. आम्ही ऐकलेल्या अनेक करुण कहाण्यांचे मूळ या एका गैरसमजात आहे.

तंतू गेला की तीन गोष्टी जातात. स्नायूंचे बळ जाते आणि बोटे वाकू लागतात, पाऊल लोंबते किंवा पापणी मिटत नाही. घाम जातो, कातडी कोरडी होऊन भेगाळते. आणि वेदना जाते. या तिसऱ्या हानीचे मोल वेल्लोर येथील शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी जगाला दाखविले. १९४६ पासून ते तेथे काम करीत होते. त्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे मांस आपोआप सडत नाही. ज्या हाताला दुखत नाही तो चटका, काटा, घर्षण यांपासून मागे सरत नाही, आणि झीज होते ती अशा न कळलेल्या जखमांनी. काही रुग्णांची बोटे रातोरात नाहीशी होत, त्याचाही छडा लागला. झोपेत उंदीर ती कुरतडत आणि रुग्णाला जागच येत नसे. त्यावर उपाय म्हणून मांजरे पाळली गेली. 'बोटे झडतात' या शेकडो वर्षांच्या भयाचा एक भाग असा एका मांजरीने संपविला!

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक शस्त्रक्रियेला प्रतिष्ठा मिळवून देणारे डॉ. नोशिर अंतिया यांनी याच रुग्णांच्या चेहऱ्यांची व हातांची पुनर्रचना करण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला. पुढे १९७५ मध्ये त्यांनी संशोधन संस्था स्थापन केली. जंतू आणि श्वान पेशी यांचे नाते उलगडणे हा तेथील एक विषय होता. निकामी स्नायूच्या जागी शेजारच्या चांगल्या स्नायूची कंडरा जोडली की मूठ पुन्हा वळते. मूठ वळली म्हणजे जाणीव परत आली असे मात्र नव्हे.

मग जाणीव परत येतच नाही काय? येते, पण तिची चाल ठरलेली आहे. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेतील तंतू कापून दाखविले की कापल्यापुढचा भाग नष्ट होतो. पुढे असेही कळले की मागच्या टोकातून धागा पुन्हा पुढे सरकू शकतो, सुमारे १ मिलिमीटर दररोज. कोपरापासून हाताच्या लहान स्नायूंपर्यंत ३० सेंटिमीटरांची वाट धरली तर महिन्याला ३ सेंटिमीटर या हिशेबाने दहा महिने लागतात. एवढा काळ ते स्नायू आदेशावाचून राहतात आणि वर्ष-दीड वर्ष उलटले की कायमचे सुकतात. शिवाय धाग्याला वाट दाखविणारी नळी म्हणजे श्वान पेशींचीच रांग. तीच व्रणाने बुजली तर धागा कोठे जाणार? २०१३ मध्ये एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पेशींवर दाखविले की हा जंतू श्वान पेशीला तिची मूळ ओळख विसरायला लावून पुन्हा कोवळ्या, कोणतेही रूप घेऊ शकणाऱ्या अवस्थेत नेतो आणि त्या रूपात ती संसर्ग अन्यत्र पसरवू शकते. तंतू तुटला असता दुरुस्तीसाठी रूप बदलण्याची जी क्षमता श्वान पेशीत आहे, तिच्यावरच हा चोर डल्ला मारतो. या ज्ञानातून तंतू पुन्हा उगविण्याचे औषध निघेल अशी आशा संशोधकांना आहे. आज ते रुग्णाच्या हाती नाही.

आज हाती आहे ते काळाचे गणित. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली अनेक औषधांची एकत्र योजना, रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने, सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. जंतू तिने मरतात. तंतूची सूज उतरविण्यासाठी प्रेडनिसोलोन लागते, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कित्येक आठवडे, मात्रा हळूहळू कमी करीत. दुर्बलता येऊन सहा महिन्यांच्या आत हे सुरू झाले तर पुष्कळदा बळ परत येते, कारण धागे मेलेले नसतात, केवळ दबलेले असतात. नंतर यश घटत जाते. म्हणजे सगळा प्रश्न तो फिकट, न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा कोणाच्या लक्षात किती लवकर येतो, यावर येऊन ठेपतो. न दुखणारी गोष्ट कोणी दाखवायला जात नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, ही पातळी गाठली गेली आणि अनेकांनी रोग संपला असे मानले. त्यानंतरही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले आहेत.

धार जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या काठी, बडवानीजवळ कसरावदला, बाबा आमटे १९९० पासून काही वर्षे येऊन राहिले होते. ते धरणाच्या प्रश्नासाठी आले होते. पण ज्याने आनंदवन उभारले तो माणूस इतक्या जवळ राहत असताना आम्ही एकदाही त्या वाटेने गेलो नाही. गेलो असतो तर कदाचित त्या वहीवरचे शेरे लिहिलेच नसते.

मुलाच्या हाताचे काय झाले ते सांगायला हवे. त्याची दुर्बलता नवी होती. उपचार सुरू झाले, आई रोज संध्याकाळी त्याचा हात पाण्यात भिजवून तेल लावी आणि कंदिलाच्या उजेडात कोठे ओरखडा आहे का पाही. परीक्षेच्या सुमारास वेलांट्या पुन्हा वळू लागल्या. करंगळीची जाणीव पुरती आली नाही. काही वर्षांपूर्वी देवासच्या बसस्थानकावर एका गृहस्थाने 'माड़साब' म्हणून हाक मारली. तो तोच. तेथील एका कारखान्यात कामाला होता. आम्ही डायरी पुढे केली. त्याने तिच्यात आपला पत्ता लिहिला. अक्षर चांगले होते, करंगळी किंचित बाजूला राहिली होती. चहा आला तेव्हा त्याने पेला डाव्या हाताने उचलला. आम्ही पाहतो आहोत हे त्याला कळले. "उजव्याला गरम कळत नाही," तो म्हणाला आणि आमचाही चहा थंड होत असल्याची आठवण करून देऊ लागला.