खात्यात न दिसणारी तूट

बीडच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती मी बँकेत असताना अनेक वर्षे पाहिली. एका कापड दुकानाची विक्री नेहमीसारखीच होती. भरणा मात्र घटत चालला होता. वडिलांनी दोनदा दागिने मोडून तूट भरली. कारण विचारले, की ‘मंदी आहे’ एवढेच म्हणत. कंबरदुखीसाठी सुरू झालेल्या गोळ्या मुलाला सोडवत नव्हत्या, हे फार उशिरा कळले. सप्तव्यसनांचा त्याग बालपणीच शिकवणाऱ्या घरात असे घडणार नाही, ही समजूतच आड आली.

अफूपासून मिळणारे मॉर्फिन व कोडीन, त्यापुढचे हेरॉईन (त्याचेच अशुद्ध रूप म्हणजे ब्राउन शुगर, अर्थात गर्द) आणि कारखान्यात तयार होणारे ट्रामाडॉल ही एकाच कुळातील द्रव्ये होत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती वेदना शमवतात. रोज घेत राहिल्यास मेंदू त्यांना सरावतो आणि मात्रा वाढत जाते. मग ती न मिळाल्यास नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, अंग पिळवटणारी वेदना आणि निद्रानाश. या टप्प्यावर रुग्ण सुखासाठी नव्हे, तर हा त्रास टाळण्यासाठी गोळी घेतो. केवळ शपथा घालून भागत नाही ते यामुळेच.

पुण्यातील गर्दग्रस्त तरुणांविषयी डॉ. अनिल अवचट यांनी लिहिले, ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथे रुग्णाबरोबर कुटुंबाचेही समुपदेशन होते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

शरीराचा त्रास साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतो आणि घरचे निर्धास्त होतात. खरा धोका त्यानंतरचा. सवय मोडलेल्या शरीराला जुनीच मात्रा आता प्राणघातक ठरू शकते. श्वास मंदावला, ओठ निळसर पडले, हाक मारूनही जाग येत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता 108 ला कळवावे. दवाखान्यात नॅलोक्सोन देऊन श्वास पूर्ववत करता येतो.

पुष्कळांना ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. ‘एक गोळी सोडून दुसरी धरली’ असे टोमणे मारून घरच्यांनी ते बंद पाडू नये; या उपचाराने मृत्यूचे प्रमाण घटते. मुलाची उधारी परस्पर फेडत राहणे म्हणजे बुडीत कर्जाला पुन्हा पुन्हा जामीन राहणे. (बँकेत आम्ही तसे करत नसू, घरात मात्र सगळेच करतात!) ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला तर त्या परक्या मुलीवर अन्याय करणारा आहे. उपचारांसाठी कोठे जावे, हे 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनामूल्य विचारता येते.

तो मुलगा आज दुकानात बसतो. मध्यंतरी एकदा घसरला, पुन्हा उपचारांना गेला. औषधासाठी दरमहा छत्रपती संभाजीनगरला जातो. सोबत वडील असतात. गल्ल्याची किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे. ती त्याने आपणहून त्यांच्या हाती दिली होती.